आवळ्याएवढं अंडं

ज्या बाईनं जन्मात अंडं चाखलं नाही, तिच्या परसात तीन कोंबड्या फिरतात, हे अंबुजाच्या नातेवाइकांना कधी पचलं नाही. अर्थात त्यांना अंबुजाचं काहीच पचत नव्हतं. नवऱ्याच्या घरून परत आलेल्या बाईनं रुपयाएवढं कुंकू लावावं, कारखान्यात नोकरी धरावी, स्वतःच्या कमाईवर मद्रासच्या कडेला अंबत्तूरला घर बांधावं आणि कुणी काही विचारलं तर फाडकन उत्तर द्यावं, यातलं एकही त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. कोंबड्या म्हणजे त्यावरचा कळस.

घराणं मूळचं तंजावरचं. घरात बोलणं मराठी, भांडण मराठी, बाजारहाट तमिळ. अंबुजाचं लग्न कुंभकोणमला झालं, सहा वर्षं संसार झाला, मूल झालं नाही. मग एके सकाळी सासऱ्यांनी तिला ‘चार दिवस माहेरी राहा’ म्हणून मद्रासला भावाच्या दारात आणून सोडलं. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला, त्याची बातमीही हिला लग्नाला जाऊन आलेल्या लोकांकडून कळली. ती रडली की नाही कुणाला ठाऊक नाही. महिन्याभरात मात्र तिनं अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात नोकरी मिळवली.

तिथं मोटारींसाठी लोखंडी पिना बनत. अंबुजाचं काम तपासणीचं. तिच्या हातात एक कडी असायची. पीन त्या कडीतून आरपार निसटली तर ती बारीक भरली, टाक लाल डब्यात. अडकली तर जाडी बरोबर, ठेव हिरव्या डब्यात. लाल डब्यातला माल भंगारात जायचा आणि त्यात कुणाची रदबदली चालायची नाही. एकदा खुद्द मालकानं येऊन गोड बोलून पाहिलं, ‘एवढासा तर फरक आहे, अंबुजाम्मा.’ तिनं कडी त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, ‘तुम्ही घाला हिरव्यात, खाली सही पण तुम्हीच करा.’ मालक आल्या पावली परत गेला. निवृत्त होईपर्यंत ती त्याच स्टुलावर बसून होती.

एका बाबतीत मात्र ही तिखट बाई मूग गिळून बसायची. त्यांच्याकडे सून गरोदर राहिली की वळैकाप्पू करतात, तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरतात. काचेच्या बांगड्यांच्या आधी पहिलं कंकण घालायचं ते कडुलिंबाच्या कोवळ्या काडीचं. काडी न मोडता वळवणं सोपं नाही, आणि अंबुजाच्या बोटांत ती कला होती. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वळैकाप्पूचं कंकण तिच्या हातचं. ते ताटात ठेवलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. तिथं जा, असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. पहिल्या वेळी वहिनीनं, अन्नपूर्णाबाईंनी, हळूच तिचं कोपर धरून तिला आत नेलं होतं, खीर, म्हणजे पायसम, ढवळायला म्हणून. पुढच्या वेळेपासून कोपर धरायचीही गरज उरली नाही. लेकुरवाळ्या बाया बाहेर कंकण घालायच्या आणि अंबुजा आत पायसम ढवळायची.

कोंबड्या आल्या त्या शेजारच्या सेल्वीमुळे. ती गावी जाताना ‘आठवडाभर सांभाळा’ म्हणून तीन कोंबड्या ठेवून गेली आणि गावीच राहिली. अंबुजाला चार दिवस म्हणून सोडलेल्या जिवांचा अनुभव होता. तिनं जुन्या खिडकीच्या गजांचं खुराडं ठोकून घेतलं, कोंडा आणि तांदळाची कणी घालायला लागली, आणि सकाळी त्यांचं सगळं आवरून, न्हाऊन मगच देवघरात जायला लागली. देवानं काही तक्रार केली नाही. अंडी वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या रेवाकडे जायची. रेवा साताऱ्याची, अंबत्तूरच्याच एका आयटी कंपनीत कामाला. तिला घरमालकीण मराठी बोलणारी मिळाली याचा आनंद, आणि ते मराठी निम्मं कळत नाही याचा अचंबा.

तिघींतली ढब्बी सगळ्यांत थोराड. चाल अशी, की जणू घरपट्टी तीच भरते. आणि ही ढब्बी एक दिवस आवळ्याएवढं अंडं घालून बसली.

अंबुजाला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या खेपेलाही तेवढंच. तिसऱ्या खेपेला त्याहून लहान. ओरडणं मात्र असं, की गल्लीनं हत्तीचं अंडं पाहायला यावं. अंबुजाला हसू फुटायचं. ‘काय गे ढब्बे, एवढंसं काम आन् एवढी दवंडी?’ असं म्हणत ती ते अंडं पदराला पुसायची आणि रेवाच्या दाराशी ठेवायची.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण एका रविवारी भाऊ गुरुमूर्ती आणि अन्नपूर्णाबाई मद्रासमधल्या एग्मोरहून आले. त्यांचा मुलगा श्रीवत्स, त्याची बायको कीर्तना सातव्या महिन्यात होती. एग्मोरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तेव्हा वळैकाप्पू अंबुजाच्या घरी, येत्या शुक्रवारी करायचं असं ठरत होतं. तेवढ्यात रेवा वरून फ्राइंग पॅन हातात घेऊनच खाली आली.

“आत्या, गंमत बघा ना! हे बारकं अंडं फोडलं तर आत पिवळं नाहीच. नुसतं पांढरं. कालचंही असंच निघालं.”

पोरगी सरळ मनाची. अन्नपूर्णाबाईंनी मात्र छातीवर हात ठेवला.

“शिव शिव! आमची दूधवाली सांगत होती. असलं रिकामं अंडं घालणारी कोंबडी घरांत राहिली तर पोटुशीस बरं नव्हे. तिच्या नणंदेचं तसंच झालं म्हणे.”

जिनं आयुष्यात अंड्याला बोट लावलं नाही, तिला अंड्यांचे शकुन मात्र पाठ.

“दूधवालीच्या नणंदेच्या घरी नळास पाणी येत नाही, वहिनी,” अंबुजा म्हणाली. “तेही कोंबडीनंच केलं काय?”

“थट्टा नको करूस. कीर्तनाचं मागलं एक गेलंय. शुक्रवारच्या आंत ती कोंबडी या घरांतून जायस पाहिजे. नाहींतर आम्ही दुसरीकडं बघतो.”

“माझ्या घरांत कोण राहील तें मी सांगेन.”

अन्नपूर्णाबाईंनी मग ठेवणीतला बाण काढला. “तीस वर्षं तूं काय केलंस अंबुजा? बारीक निघालं की लाल डब्यांत. तेव्हां नाहीं वाटलं काही. आतां कोंबडीचा एवढा पुळका?”

“तें लोखंड होतं.”

“जें उपयोगाचं नाही तें नाही. लोखंड काय आन् दुसरं काय.”

हे बोलताना त्यांची नजर कोंबडीवर नव्हती. गुरुमूर्तींनी घसा खाकरला आणि पेपर उचलला. बायकोच्या प्रत्येक वाक्याला हा माणूस गेली चाळीस वर्षं पेपर उचलत आला होता. रेवा पॅन घेऊन तशीच जिन्यात उभी होती. तिला सगळं कळलं नसलं तरी आपण काहीतरी घोटाळा केला एवढं कळलं होतं.

अंबुजा हटली नसती. वहिनीला उत्तर देणं तिच्या डाव्या हाताचा मळ. पण संध्याकाळी श्रीवत्सचा फोन आला. तो कोंबडीबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, “अत्ते, कीर्तना कालपासून जेवली नाही नीट. अम्मा काय काय सांगते तिला. मज काय करायचं कळत नाही.”

त्या पोरीवर अंबुजाचा जीव होता. मागच्या वर्षी दवाखान्यातून रिकाम्या हातानं आल्यावर ती एग्मोरला न जाता आठ दिवस अंबुजाकडेच येऊन राहिली होती. बोलायची नाही. परसात पायरीवर बसून कोंबड्यांना कणी टाकायची. ढब्बी तिच्या मांडीवर चढून बसायची, आणि अंबुजानं एकदा पाहिलं होतं, पोरगी त्या कोंबडीच्या पिसांत तोंड घालून हुंदके देत होती.

दुसऱ्या दिवशी अंबुजा ढब्बीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी कोंबडी तपासली, पोट दाबून पाहिलं. असं कधीकधी होतं, म्हणाले. काही वेळा आपोआप सुधारतं, काही वेळा नाही. तिला दुखतखुपत नाही काही. “आता तुम्हाला अंड्यासाठीच ठेवायची असेल तर...” एवढं म्हणून त्यांनी खांदे उडवले आणि पुढची बकरी आत बोलावली.

बुधवारी तिनं ठरवलं. कोंबडी काय, कोंबडी आहे. पोर मोठी. मनात सतरा वेळा असं घोकून तिनं ढब्बीला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि मोठ्या रस्त्यावरच्या ब्रॉयलरच्या दुकानात गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती असल्या दुकानाची पायरी चढत होती. ओळखीचं कुणी बघत तर नाही ना, म्हणून तिनं मागं पाहिलं, आणि आपण मागं पाहिलं याचीच तिला चीड आली.

दुकानदारानं फडकं सोडलं. “गावठी! चांगली भरलेली आहे. का देताय अम्मा?”

“अंडी बारीक घालते.”

“मग मला काय करायचंय अंड्यांशी,” तो हसला आणि त्यानं ढब्बीला दोन्ही पंखांना धरून काट्यावर ठेवलं.

दिवसभर कलकलाट करणारी ती कोंबडी गप्प झाली होती. तिनं मान तिरकी करून एका डोळ्यानं अंबुजाकडे पाहिलं. काट्याखाली एक प्लॅस्टिकचा टब होता. लाल. त्यात पिसं आणि पाय पडलेले होते.

अंबुजाला राग आला. वहिनीचा नाही, दूधवालीचा नाही, स्वतःचा. सासऱ्यांनी तिला असंच तर आणलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसवलं होतं, वाटेत संत्री घेऊन दिली होती. तेही मनात हेच घोकत आले असतील, की बाई काय, बाई आहे, घराणं मोठं. आणि आज तीच फडकं बांधून आली होती.

“दे इकडे,” ती म्हणाली.

“अम्मा, वजन तर होऊ द्या.”

“वजन नको. माझी कोंबडी दे.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. येताना जिला फडक्याखाली झाकून आणलं, तिला अंबुजानं जाताना उघड काखेत घेतलं. टोपली दुसऱ्या हातात, फडकं खांद्यावर, आणि कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. बसस्टॉपवर ओळखीच्या दोघी उभ्या होत्या. त्या बघत राहिल्या, तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं, “विकायला नेली होती. लाज वाटली, परत आणली.”

घरी येऊन तिनं भावाला फोन लावला. “अण्णा, शुक्रवारी वळैकाप्पू इथंच. कोंबडीही इथंच. मीही इथंच. यातल्या कशाचंही ज्याला भय वाटतं त्यानं यायचं नाही.” पलीकडून पेपरची सळसळ ऐकू आली. तिनं फोन ठेवून दिला.

मग मात्र ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. ताठ बोलणं सोपं असतं, पण कीर्तनाच्या पोटात जे होतं ते काही अंबुजाचं नव्हतं. उद्या काही वाईट झालं तर? तिला शकुन-अपशकुन काही खरे वाटत नव्हते. तरी उठून तिनं देवघरात अवेळीच दिवा लावला.

गुरुवारी दुपारी कीर्तना एकटी आली. रिक्षातून उतरताना दम लागलेला. अंबुजानं तिला पाणी दिलं, पाठीला उशी दिली, आणि आडवळण न घेता विचारलं.

“तुज भय वाटतं काय गे? खरं सांग. तूं होय म्हटलीस तर कोंबडीस मी दुसऱ्या घरी नेऊन ठेवीन. कापायस नाही. ठेवायस. आन् मीही आंत बसेन.”

कीर्तनाला मराठी तोडकंमोडकं यायचं. ती बोलायची ते निम्मं तमिळच असायचं. ती पायरीशी जाऊन बसली. ढब्बी आली, आधी तिच्या पायाला चोच मारून पाहिली, मग मांडीवर चढायला जागा शोधू लागली. मांडी आता उरली नव्हती, पोटच होतं. ती शेजारीच फतकल मारून बसली.

“भय आहे, अत्ते,” कीर्तना म्हणाली. “सगळ्याचं भय आहे. जिन्याचं, शिंकेचं, डॉक्टरच्या तोंडाचं. पण मागल्या वेळीं जवळ कोंबडी नव्हती. वळैकाप्पू नव्हतं. तूंही नव्हतीस. तरी गेलंच की.”

अंबुजानं कीर्तनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कडुलिंबाच्या झाडाकडे गेली. कोवळ्या काड्या बघून बघून तोडल्या, पाण्यात भिजत घातल्या आणि संध्याकाळी वळायला बसली. काडी एकदा मोडली. तिची काडी कधी मोडत नसे. तिनं दुसरी घेतली.

शुक्रवारी सगळे आले. येणार नाही म्हणणारे आधी आले. अन्नपूर्णाबाईंनी परसाकडे पाठ करून बसायची जागा निवडली आणि परसाचं दार स्वतः लावून घेतलं. कीर्तनाला मधोमध पाटावर बसवलं. बांगड्यांचे चुडे, हळद, कुंकू, फुलं, आणि ताटाच्या मध्यात ते हिरवं कंकण. रेवाही नवी साडी नेसून आली होती आणि कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलं म्हणजे आपलं काही चुकणार नाही ते शोधत होती.

“पायसम बघ गे अंबुजा, लागेल,” अन्नपूर्णाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

अंबुजा स्वयंपाकघरात गेली. बायांनी आपसांत आधी कुणी घालायचं ते बोलायला सुरुवात केली. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग नळ सुटल्याचा. अंबुजा हात पुसत बाहेर आली, सरळ पाटापाशी गेली आणि तिनं ताटातलं कंकण उचललं.

गुरुमूर्तींनी हात लांब केला, पण आज जवळ पेपर नव्हता.

“अंबुजा, तूं?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तूं कशास?”

“मी वळलं. मीच घालते.”

“आतापर्यंत कधी...”

“आतापर्यंत मी आंत होतें.”

कीर्तनानं हात पुढे केला. नुसता पुढे केला नाही, अंबुजाच्या पोटाला लागेपर्यंत लांब केला, कुणाला मध्ये जागाच राहू नये असा. कंकण मनगटावरून हलकेच सरकलं. ना घट्ट, ना सैल. अंबुजानं सवयीनं ते बोटानं फिरवून पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत. बघायचं त्यांनी बघावं.

अन्नपूर्णाबाई पुढे झुकल्या आणि दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, “उद्यां काही वेडंवाकडं झालं तर तुझ्यावर येईल हो.”

“येऊं दे,” अंबुजा म्हणाली. “चाळीस वर्षं काही न करतां माझ्यावरच येतंय, वहिनी. आज करून येऊं दे.”

अन्नपूर्णाबाईंनी खाली मान घालून काचेच्या बांगड्यांचा चुडा सोडायला घेतला. गाठ त्यांना सुटेना, तेव्हा ती अंबुजानं सोडून दिली. मग पुढच्या बांगड्या सुरू झाल्या, आधी अन्नपूर्णाबाईंच्या, मग मावश्यांच्या. कीर्तनानं कोपऱ्यातल्या रेवालाही बोलावलं. रेवा म्हणाली, “पण माझं लग्न झालेलं नाही,” आणि कीर्तना म्हणाली, “म्हणून काय, हात आहेत ना?”

तेवढ्यात बंद दाराच्या मागून परसात कलकलाट उठला. ढब्बी ओरडत होती, साऱ्या अंबत्तूरला ऐकू जावं असं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. अंबुजानं जाऊन दार सताड उघडलं, खुराड्यात हात घातला आणि मूठ घेऊन परत आली.

“केवढं आहे, अत्ते?” कीर्तनानं पाटावरूनच विचारलं.

अंबुजानं सगळ्यांसमोर मूठ उघडली. आवळ्याएवढं.

“केवढं का असेना,” ती म्हणाली, “तिनं घातलंय.” आणि तिनं ते अंडं रेवाच्या हातावर ठेवलं, खुराड्याजवळ ढब्बीसाठी मूठभर जास्त कणी टाकली, आणि हात धुऊन पायसम वाढायला घेतलं. परसाचं दार तिनं लावलं नाही.